शेजारी काम निघालं की: काही गैरसमज, काही वस्तुस्थिती

पितृपक्षाचे पंधरा दिवस सोडले, तर गणपती ते दिवाळी या काळात आमच्याकडच्या सोसायट्यांत ब्रेकरचा आवाज थांबत नाही. कुणाचं बाथरूम, कुणाचा ओटा, कुणाच्या खिडक्या. दारावरची बेल वाजते आणि बाहेरून विचारणा होते, "काका, शिडी आहे का?" शिडीपाठोपाठ ड्रिल, प्लंबरचा नंबर, किल्ली सांभाळणं, वीज, दोन पोती सिमेंट ठेवायला जागा. यातलं काहीही द्यायला हरकत नाही, शेजार त्यावरच चालतो. मात्र सोसायटीच्या सभांत मी जी भांडणं ऐकली, त्यांत मदत नाकारल्यावरून झालेली फार थोडी. मदत केल्यानंतरची भरपूर. कारण आपण नेमकं काय दिलं आणि त्याबरोबर काय अंगावर घेतलं, याबद्दल डोक्यात पक्के बसलेले काही समज चुकीचे असतात.

गैरसमज: पैसे घेतले नाहीत, मग जबाबदारी कसली?

हे अर्धंच खरं आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २५ नुसार मोबदल्याशिवाय केलेला करार, काही अपवाद वगळता, रद्दबातल ठरतो. "रविवारी येऊन कपाट लावून देतो" असं सांगून तुम्ही गेलाच नाहीत, तर शेजारी फार तर तोंड वाकडं करील. पण गेलात, कपाट लावलंत, आणि चार खिळ्यांच्या जागी दोनच ठोकल्यामुळे ते कुणाच्या अंगावर आलं, तर "मी एक पैसाही घेतला नव्हता" हे उत्तर पुरत नाही. निष्काळजीपणाने दुसऱ्याचं नुकसान झालं की मोबदल्याचा प्रश्न मागे पडतो.

वस्तू वापरायला देण्याबद्दल याच कायद्यात सविस्तर तरतुदी आहेत आणि त्या वाचताना वाटतं, लिहिणाऱ्याच्या शेजारी नक्की कुणीतरी राहत असणार. कलम १५० सांगतं की वस्तूतला जो धोकादायक दोष आपल्याला माहीत आहे, तो घेणाऱ्याला सांगायलाच हवा. वस्तू फुकट दिली असली तरी. समजा तुमच्या ड्रिलची वायर प्लगपाशी चिरली आहे आणि तुम्ही तिथे काळी टेप गुंडाळून वर्षभर काम भागवताय. तुम्हाला ती जागा ठाऊक आहे, तुमचा हात आपोआप वर धरतो. शेजारचा मुलगा ओल्या बाथरूममध्ये उभा राहून नेमकी तीच जागा पकडणार. न सांगता दिलं असेल, तर त्या झटक्याची भरपाई तुमच्याकडे मागता येते.

घेणाऱ्यावरही बंधन आहे. ज्या कामाला वस्तू नेली, त्याबाहेर वापरली तर नुकसान त्याच्या माथी, असं कलम १५४ म्हणतं. पडद्याचे ब्रॅकेट लावायला नेलेल्या ड्रिलला दांडा लावून रंगाची बादली ढवळणारे महाभाग प्रत्येक इमारतीत असतात. मोटार जळाल्यावर "अहो, जुनंच होतं तुमचं" हे ऐकून घ्यायचं नसेल, तर देतानाच म्हणावं, "ब्रॅकेटलाच नेतोयस ना? मग रात्री जेवायच्या आधी आणून दे." काम आणि वेळ, दोन्ही एका वाक्यात ठरतात. ऐकणाऱ्याला त्यात काही खटकतही नाही.

माझ्यापुरता एक नियम आहे: ड्रिल द्यावं, मार्बल कटर देऊ नये. मिनिटाला दहा हजारांहून जास्त फेरे घेणारं पातं आणि सोयीसाठी काढून टाकलेलं गार्ड, हा संयोग उसनवारीत बसत नाही. कापायचंच असेल तर फरशीवाला त्याचं यंत्र घेऊन येतो.

गैरसमज: "जरा लक्ष ठेवा" म्हणजे जाता-येता डोकावणं

सगळ्यात जास्त माणसं इथे अडकतात. मुलगा बंगळुरूला किंवा न्यू जर्सीला, आईवडिलांचा पुण्यातला फ्लॅट दुरुस्तीला काढलेला. फोन येतो, "काका, तुम्ही समोर आहात म्हणून निर्धास्त आहे. जरा लक्ष ठेवा." आपण म्हणतो, "अरे, त्यात काय!" त्यात बरंच काय असतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी टेम्पो येतो. दोन बाय दोनच्या टाइल्स, एका बॉक्समध्ये चार, म्हणजे साधारण साडेपंधरा चौरस फूट. चलनावर चाळीस बॉक्स. ड्रायव्हर घाईत, वॉचमन ओरडतोय, "काका, सही करा, गाडी अडलीय." तुम्ही सही करता. त्या सहीचा व्यवहारातला अर्थ: चाळीस बॉक्स, धड अवस्थेत, मिळाले. संध्याकाळी गवंड्याने मोजले आणि सदतीस निघाले, दोन बॉक्सांचे कोपरे फुटलेले, वर चार बॉक्सांवर बॅच नंबर वेगळा. एकाच नावाच्या टाइलची बॅच बदलली की रंगछटा बदलू शकते. ते हॉलच्या मधोमध बसल्यावर दिसतं. आता दुकानदार चलन दाखवणार, गवंडी खांदे उडवणार, आणि बंगळुरूहून अत्यंत नम्र आवाजात प्रश्न येणार, "काका, तुम्ही होतात ना तिथे?"

त्याहून नाजूक काम बाथरूमचं. जुनी फरशी उखडली की खालचं वॉटरप्रूफिंगही दुखावतं. ते नव्याने केल्यावर ट्रॅप बंद करून पाणी भरून ठेवतात आणि निदान ४८ तास तसंच ठेवून खालच्या फ्लॅटच्या छताला ओल येते का ते पाहतात. ही चाचणी झाल्याशिवाय टाइल्स लावू नयेत, कारण नंतर चूक सापडली तर सगळं पुन्हा फोडावं लागतं. मिस्त्रीला मात्र दोन दिवस बसून राहणं परवडत नाही. तो तुमच्या दारात येतो, "काका, कालपासून पाणी आहे, एक थेंब नाही उतरला. लावू का?" तुम्ही बँकेत निघालेले. "बघा तुम्ही, तुम्हाला कळतं." झालं. निर्णय तुमच्या नावावर जमा झाला.

"लक्ष ठेवा" या दोन शब्दांत किल्ली, माल, पैसे आणि निर्णय अशी चार वेगळी कामं दडलेली असतात. ती पहिल्याच फोनवर सुटी करावी. मला पटणारं उत्तर असं: "किल्ली माझ्याकडे राहील. सकाळी दहाला उघडून देईन, सहाला कुलूप लावीन, संध्याकाळी चार फोटो पाठवीन. माल मोजायला आणि मिस्त्रीला हो-नाही सांगायला तुझा माणूस ठेव." माल घ्यावाच लागला तर चलनावर सहीच्या वर "न मोजता घेतला" असं लिहावं. ड्रायव्हर कुरकुरतो, पण चालवून घेतो.

आठवड्याची मजुरी वाटण्याचं काम तर घेऊच नये. "शनिवारी तुम्ही देऊन टाका, मी लगेच जीपे करतो" हे कितीही प्रामाणिकपणे म्हटलेलं असो, ज्याच्या हातून पैसे मिळतात तो मालक, हा बिगाऱ्यांचा साधा हिशेब आहे. पुढच्या शनिवारी पैसे उशिरा आले तर ते तुमच्या दारात उभे राहतात आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

गैरसमज: शेजारी इंजिनिअर आहे, त्याने सांगितलं की भिंत पाडायला हरकत नाही

चहा पिता पिता दिलेलं मत कमिटीच्या सभेत "साहेबांनी पास केलंय" होऊन पोहोचतं. निवृत्त इंजिनिअर, आर्किटेक्ट, गावाकडे दोन घरं बांधलेले हौशी काका, सगळ्यांवर ही पाळी येते. वाजवून पाहायचं, पोकळ आवाज आला, चार इंचांची भिंत आहे, पाडा बिनधास्त. खांब-तुळयांच्या सांगाड्यावर उभ्या असलेल्या इमारतीत मधल्या पार्टिशनच्या भिंतींवर सहसा भार नसतो, हे बरोबर. पण जुन्या वाड्यांत आणि लोडबेअरिंग चाळींत तीच भिंत वरचा मजला पेलत असते. नव्या टॉवरमध्ये गोष्ट आणखी बदलली आहे. तिथे मायवन म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यांचं तंत्र वापरलेलं असेल, तर भिंतीच काँक्रीटच्या असतात आणि इमारतीचा भार त्यांच्यावर असतो. चार इंचांची म्हणून जी पाडायची, ती तिथे खांबाचं काम करते. तीस वर्षांचा अनुभव इथे उपयोगी पडण्याऐवजी फसवतो.

२५ जुलै २०१७ ला घाटकोपरच्या दामोदर पार्क भागातली चार मजली निवासी इमारत कोसळली आणि १७ माणसं दगावली. तळमजल्यावर चाललेल्या नूतनीकरणात खांबांना धक्का लावल्याच्या आरोपावरून अटक झाली. आपल्या घरातलं काम आपल्या घरापुरतं, हे फ्लॅटमध्ये कधीच खरं नसतं.

त्यामुळे रंग कोणता, टाइल मॅट की ग्लॉसी, नळ कुठला टिकतो, यावर हवं तितकं बोलावं. भिंत, खांब, तुळई, स्लॅब यांचा विषय निघाला की एकच वाक्य: "स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी पत्र आणा आणि सोसायटीची परवानगी घ्या." ज्याला या विषयातलं सर्वांत जास्त कळतं, त्याने तर हे सर्वांत आधी म्हणावं.

गैरसमज: दुकानात नुसतं नाव सांगितलं, त्याने काय होतंय

"आमचेच आहेत, सामान देऊन टाका, पैशांचं मी बघतो." हार्डवेअरच्या दुकानात हे वाक्य रोज बोललं जातं. करार कायद्याच्या कलम १२६ नुसार हमी तोंडीही चालते. कलम १२८ नुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ देणेकऱ्याइतकीच असते. आपल्याला काय मिळालं, हा मुद्दाही उरत नाही, कारण देणेकऱ्याला माल मिळाला एवढा मोबदला कलम १२७ ला पुरतो. सिद्ध करायला दुकानदाराला घाम गाळावा लागेल, हे खरं. पण तो कोर्टात जाणारच नाही. तो तुम्हाला भर रस्त्यात, बायकोसमोर विचारणार, "साहेब, त्या सोळा हजारांचं काय झालं?"

ओळख करून द्यायची तर एवढंच: "हे शेजारी आहेत, माल चांगला द्या, व्यवहार त्यांच्याशी." प्लंबर-सुतारांच्या बाबतीतही तेच. "माझा माणूस आहे, डोळे झाकून द्या" यापेक्षा "आमच्याकडे दोन नळ बसवले, ते गळत नाहीत, बाकी तुम्ही बघा" हे जास्त खरं असतं आणि जास्त उपयोगीही.

गैरसमज: आपल्या बोर्डातून एक वायर दिली, तर बिघडलं काय?

दोन भोकं पाडायला दिली तर काही नाही. पण शेजाऱ्याच्या घरचं वायरिंग उखडलेलं आहे म्हणून आठ दिवस तुमच्या बोर्डातून एक्स्टेन्शन गेलं, की २००३ च्या वीज कायद्याचं कलम १२६ आडवं येतं. ज्या जागेसाठी जोडणी मंजूर आहे तिच्याबाहेर वीज वापरणं हा अनधिकृत वापर ठरतो आणि त्याची आकारणी दुप्पट दराने होते. नोटीस मीटर ज्याच्या नावावर त्याला. कायदा बाजूला ठेवला तरी दिव्यासाठी केलेल्या बारीक वायरवर ब्रेकर चालवला की ती तापते, आणि ती तुमच्या दारातल्या पायपुसण्यावरून गेलेली असते.

जागेचंही असंच. "गॅलरीत वीस पोती राहू द्या, दोन दिवसांत नेतो." पोतं ५० किलोचं, म्हणजे वीस पोत्यांचा एक टन. दहा-दहाच्या दोन थप्प्या लावल्या तर तो टन पाऊण चौरस मीटरच्या आत बसतो. घरगुती गॅलरी साधारणपणे चौरस मीटरला ३०० किलो वापराचा भार धरून डिझाइन करतात. पार्किंगमधला एखादा कोपरा, खाली फळ्या आणि वर ताडपत्री, हे सिमेंटलाही मानवतं.

गैरसमज: गावाकडे असला हिशेब नव्हता

हे म्हणणारा माणूस बहुधा गावी फक्त मे महिन्यात गेलेला असतो. सावड हा आपल्याकडचा श्रमांच्या देवाणघेवाणीचा जुना रिवाज. त्यात दिवसाला दिवस मोजला जाई. आज पाच घरची पाच माणसं माझ्याकडे राबली, तर त्या पाचही घरी माझ्या घरातून माणूस गेला पाहिजे. आजारी पडलो तर बदली माणूस पाठवायचा. कुठे कागद नव्हता, पण कोण कुणाचं किती देणं लागतो हे अख्ख्या वाडीला तोंडपाठ. इर्जिकीत नांगर-बैल घेऊन माणसं यायची ती ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या शेतावर, आणि जेवण घालणं हे यजमानाचं काम. त्यात कुचराई झाली तर त्याची चर्चा पुढचं वर्षभर. कोकणात पावसाआधी घर शाकारायला शेजारी यायचे तेही कौलं उतरवून, वासे पाहून, परत चढवेपर्यंत. "आलातच तर पडवीचंही बघा" म्हणायची सोय नव्हती, कारण दुसऱ्या दिवशी पुढच्या घराची पाळी असे आणि मृग कुणासाठी थांबत नसे.

हद्द होती, आणि सगळ्यांना ती माहीत होती. शहरात अडचण अशी की सावडीतलं "या" आम्ही घेतलं आणि "किती, कधीपर्यंत, बदल्यात काय" हे गावीच ठेवून आलो.

गैरसमज: माझ्या घरात कुणाला काम करू द्यायचं, ही सर्वस्वी माझी मर्जी

आता उलट बाजू. हद्द आखायच्या उत्साहात काही जण अशा ठिकाणीही दार लावून घेतात, जिथे ते त्यांना लावता येत नाही. खालच्या वहिनींच्या स्वयंपाकघराच्या छताला ओल आली आहे, आणि वरचे गृहस्थ म्हणतात, "आमच्याकडे सगळं कोरडं आहे, आम्ही फोडू देणार नाही." महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून, बाहेरच्या सामाईक पाइपांतून किंवा पावसामुळे होणारी गळती संस्थेने दुरुस्त करायची. फ्लॅटच्या आतल्या संडास-बाथरूम-सिंकमधून होणारी गळती त्या सभासदाने, स्वतःच्या खर्चाने. दुरुस्तीची गरज तपासण्यासाठी रीतसर कळवून संस्थेचे पदाधिकारी फ्लॅटमध्ये येऊ शकतात.

म्हणजे वरच्याने बाथरूम उघडून दिलं तर ती मेहेरबानी नव्हे. अटी मात्र त्याने जरूर घालाव्यात: काम किती दिवस, फोडलेली फरशी तशीच परत कोण लावणार, डेब्रिज कधी उचलणार. या अटी तो हक्काने घालू शकतो.

गैरसमज: आवाजाबद्दल गप्प बसणं हीही मदतच

दिवसा थोडंफार सोसावं लागतं, पुढच्या वर्षी आपलंही काम निघणार असतं. रात्रीचं तसं नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात निवासी भागात आवाज करणारी बांधकामाची यंत्रं चालवता येत नाहीत. दुपारची दोन ते चार सुट्टी बहुतेक सोसायट्यांनी स्वतः ठरवलेली असते, ती आपल्या नियमावलीत पाहावी. घरात आजारी माणूस किंवा दहावीचं पोर असेल तर काम सुरू व्हायच्या आधी सांगावं, सहाव्या दिवशी भडकून नाही.

गैरसमज: नाही म्हटलं की बोलणं बंद

फ्रान्सिस फ्लिन आणि व्हेनेसा लेक या दोन संशोधकांनी २००८ मध्ये मांडलेला निष्कर्ष असा होता की मदत मागणारे, समोरचा हो म्हणण्याची शक्यता प्रत्यक्षापेक्षा कमी धरतात. म्हणजे विचारणारा बऱ्याचदा नकाराची तयारी ठेवूनच बेल वाजवत असतो. "नाही म्हटलं तर त्यांना काय वाटेल" हा घोर आपल्यालाच जास्त. खरा राग येतो तो अर्धवट हो म्हणणाऱ्याचा. रविवारी येतो म्हणाले, शेजाऱ्याने कपाटाचे भाग हॉलभर मांडले, पाहुण्यांना येऊ नका सांगितलं, आणि हे अकरा वाजता फोन उचलत नाहीत. सोमवारी सुताराला बोलावता आलं असतं, तो आठवडा गेला. "मला जमणार नाही, पण सुताराचा नंबर देतो" हे शुक्रवारी सांगितलं असतं तर कुणी मनात ठेवलं नसतं.

गैरसमज: एकदा हो म्हटलं की मागे येता येत नाही

वस्तूच्या बाबतीत येता येतं. फुकट वापरायला दिलेली वस्तू, मुदत ठरलेली असली तरी, देणारा केव्हाही परत मागू शकतो, असं करार कायद्याचं कलम १५९ सांगतं. फक्त तुमच्या भरवशावर शेजाऱ्याने काही केलं असेल आणि अवेळी मागण्याने त्याला झालेला तोटा फायद्याहून जास्त असेल, तर तो वरचा तोटा तुम्ही भरायचा. रंगारी शिडीवर असताना शिडी मागू नये, एवढंच. देखरेखीतूनही बाहेर पडता येतं, पण टप्पा संपल्यावर: फरशी झाली, रंग सुरू व्हायचाय, त्या मधल्या दिवशी सांगावं.

जमिनीच्या बाबतीत मात्र सांभाळून. बंगले, रो-हाउस, गावातली घरं इथे हमखास येणारी विनंती म्हणजे, "तुमच्या परसातून सांडपाण्याचा पाइप तात्पुरता टाकू द्या." अशी परवानगी एरवी काढून घेता येते. पण १८८२ च्या इझमेंट कायद्याच्या कलम ६० नुसार, तुमच्या परवानगीच्या जोरावर शेजाऱ्याने पदरचे पैसे घालून कायमस्वरूपी काम केलं, म्हणजे चेंबर बांधलं, पाइप काँक्रीटमध्ये गाडला, तर ती सहजासहजी मागे घेता येत नाही. शिवाय हक्क म्हणून, उघडपणे आणि विनाखंड २० वर्षं वापर झाला तर वहिवाटीचा दावा उभा राहू शकतो, आणि तोवर ज्यांनी तोंडी हो म्हटलं ते दोघेही आजोबा हयात नसतात. म्हणून खणायला सुरुवात होण्याआधी एक साधा कागद करावा. पाइप आमच्या परवानगीने टाकला आहे, सोय तात्पुरती आहे, मागितल्यावर तीन महिन्यांत स्वखर्चाने काढायचा आणि परसाची जमीन पूर्ववत करायची, असं त्यात लिहावं. तारीख, पाइप कुठून कुठे जातो त्याचा हाताने काढलेला नकाशा, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. कागदाची एक प्रत त्याच्याकडे, एक आपल्याकडे.